एकवीस किलोमीटरची सोबत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोरा बंदराच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर घारापुरीचे बेट दिसते आणि त्याच्या पलीकडे मुंबई. हवा स्वच्छ असेल तर उंच इमारती मोजता येतात. इतकी जवळ दिसणारी मुंबई आम्हा मोरेकरांना पायाखाली मात्र कधी मिळाली नाही. जायचे ते लाँचमध्ये बसून, भाऊच्या धक्क्यापर्यंत. नाही तर रस्त्याने पनवेलचा मोठा वळसा घालून. जुन्या कागदपत्रांत उरण हा पनवेल तालुक्याचा महाल होता. इंग्रजी अमदानीत इथल्या मिठागरांतले मीठ आणि मोऱ्याच्या भट्ट्यांतली मोहाची दारू मुंबईला जात असे. माल गेला, माणसे गेली, पण सगळे पाण्यावरून. चालत जाण्याचा प्रश्नच नव्हता, मग धावत जाणे तर दूरच.

ही गोष्ट १२ जानेवारी २०२४ या दिवशी बदलली. त्या दिवशी शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी पूल, म्हणजे अटल सेतू, सुरू झाला. त्याच दिवशी खारकोपर ते उरण या मार्गावर लोकलही धावू लागली. पुलाची एकूण लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. परंतु या पुलावर पायी चालायला परवानगी नाही. दुचाकी आणि रिक्षालाही नाही. म्हणजे पूल झाला तरी मोऱ्याच्या माणसाचे पाय होते तिथेच राहिले. फरक पडला तो एका रात्रीपुरता. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी, या पुलावर मॅरेथॉन झाली. शनिवारी रात्रीपासून वाहने बंद ठेवण्यात आली आणि हजारो माणसे आपापल्या पायांनी समुद्रावर आली. पूर्ण मॅरेथॉन होती, अर्धमॅरेथॉन होती, लहान अंतरेही होती. आता गंमत पाहा. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. पुलाच्या लांबीत आणि या अंतरात जेमतेम सातशे मीटरांचा फरक. जणू पनवेलची खाडी आणि मुंबई यांच्यामधले पाणी कोणी अर्धमॅरेथॉनच्या मापानेच आखले असावे.

त्या पहाटे पुलावर जी माणसे होती त्यांत जोड्या पुष्कळ होत्या. नवरा-बायको, भाऊ-बहीण, आई आणि मुलगा. एका जोडीत मी आणि माझी मुलगी होतो. आपल्या घरच्या माणसाबरोबर धावणे हा आज शहरांतून रुळलेला प्रकार आहे. त्याला इतिहास आहे का, असा प्रश्न मला पडला, आणि शोधायला बसलो तेव्हा तो चांगलाच वळणावळणाचा निघाला. तो आज सांगावा म्हणतो.

जासूदजोडी

धावणे हा आपल्याकडे पूर्वी खेळ नव्हता, ते काम होते. पेशवेकाळातली पत्रे वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, जासूदजोडी. कुठे कासीदजोडी असेही येते. पत्र घेऊन माणूस पाठवायचा तो एकटा नव्हे, दोघे. ठरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे अजुऱ्यावर, जाणाऱ्यांना अजुरदार म्हणत. त्यांचीही जोडीच असे. यामागचा हिशेब साधा आहे. वाटेत नदी, जंगल, चोर, ताप, साप. एकाला काही झाले तर पत्र दुसऱ्याच्या हाती राहिले पाहिजे. रात्री एकाने डोळा मिटला तर दुसरा जागा राहील. दोघे नात्याचे असतच असे नाही, पण एकमेकांच्या चालीची सवय असलेले असावे लागत. कारण पुढे पळणारा आणि मागे राहणारा अशी जोडी झाली की ती जोडी उरत नाही.

हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. धावणाऱ्याला सोबत असावी हा विचार आपल्याकडे कामाच्या गरजेतून आला. तो हौसेचा नव्हता.

दुसरे उदाहरण वारीचे. पंढरीची वारी ही चालण्याची, पण तिच्यातही धावणे आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरच्या अलीकडे आली की उतारावरून वारकरी धावत सुटतात. त्याला 'धावा' म्हणतात. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. त्या धाव्यात आजोबा असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका असतात, बापाचे बोट धरलेली पोरे असतात. कोण पहिला आला याची नोंद कोणी ठेवत नाही. घरची माणसे एकत्र धावतात, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे चित्र हेच असेल. घड्याळ नाही, नंबर नाही, पदक नाही.

आणि आमच्या बाजूचे तिसरे. कोळीवाड्यातल्या बायका. होडी लागली, मासळी उतरली की डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायचा. मासळी थांबत नाही. म्हणून ती चाल नेहमीच्या चालण्यापेक्षा वेगाची असते, अर्धे धावणेच म्हणा ना. सासू पुढे, सून मागे, कधी आई आणि लेक. ओझे डोक्यावर असल्यामुळे मान ताठ, कंबर सैल आणि पावले लहान. आजचे प्रशिक्षक लांब अंतर धावणाऱ्यांना जे शिकवतात, पावले लहान ठेवा, अंग ताठरू देऊ नका, ते या बायकांना कोणी शिकवले नव्हते. आधी चालणाऱ्या आईच्या मागे राहून त्या शिकल्या.

हात देण्याचा गुन्हा

आता युरोपातून आलेल्या शर्यतीकडे वळू. १८९६ मध्ये अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तिथे मॅरेथॉन धावली गेली आणि स्पिरिदोन लुईस हा ग्रीक माणूस जिंकला. अंतर तेव्हा सुमारे चाळीस किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियमपर्यंत २६ मैल ३८५ यार्ड झाले आणि १९२१ मध्ये हेच अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, कायम ठरवण्यात आले. त्याचे निम्मे ते आपले एकवीस.

१९०८ च्या त्याच शर्यतीत एक प्रसंग घडला. दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. पंचांना पाहवेना. त्यांनी त्याला हात देऊन उभे केले आणि शेवटच्या रेषेपर्यंत आणले. तो पहिला आला, आणि बाद झाला. दुसऱ्याची मदत घेतली म्हणून. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेसला मिळाले. राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी पिएत्रीला वेगळा चषक दिला, पण निकाल बदलला नाही.

म्हणजे पाहा, जासूदजोडीत ज्याने पडलेल्याला हात दिला नाही तो दोषी. नव्या शर्यतीत ज्याने हात घेतला तो दोषी. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. पत्र पोहोचवायचे असेल तर हात हवा, कोणाचे पाय किती दमदार हे ठरवायचे असेल तर हात नको. परंतु यामुळे मॅरेथॉन ही एकट्याची गोष्ट झाली आणि घरची माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

या एकट्याच्या शर्यतीत मराठी मुलखातला माणूस लवकर उतरला, हे आपण विसरतो. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा हजर होते. अनवाणी धावणारी खेड्यातली मुले पाहून त्यांना वाटले की ही जगाच्या स्पर्धेत नेली पाहिजेत. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनमध्ये उतरले. ती शर्यत नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटांत. ज्या देशात मॅरेथॉन हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता तिथून गेलेल्या माणसाची ही कामगिरी. बेळगावहून बेल्जियमला बोटीने जाण्याच्या त्या प्रवासात घरचे कोणी सोबत असण्याची सोयच नव्हती.

बाई रस्त्यावर आली, घर तिच्या मागे आले

घर पुन्हा शर्यतीत आले ते कसे? मला वाटते, ते बाईच्या पाठोपाठ आले.

लांब पल्ल्याचे धावणे बाईला झेपणार नाही, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खेळाच्या संघटना मानत होत्या. बॉस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालू, पण ती पुरुषांची. १९६६ मध्ये बॉबी गिब नावाची तरुणी झुडपात लपून राहिली, गर्दीत मिसळली आणि पूर्ण अंतर धावली. १९६७ मध्ये कॅथरीन स्वित्झरने नावाची आद्याक्षरे देऊन अधिकृत क्रमांक मिळवला. वाटेत एका पदाधिकाऱ्याने तिला धरून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. ती शर्यत पुरी करू शकली, कारण तिच्या बाजूला तिचे प्रशिक्षक आणि तिचा मित्र धावत होते. मित्राने त्या पदाधिकाऱ्याला खांद्याने ढकलून दूर केले. ती छायाचित्रे जगभर गेली. बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडले.

त्याच काळात शहरांतल्या मोठ्या मॅरेथॉन सुरू झाल्या. जिंकण्यासाठी पन्नास जण, आणि पुरी करण्यासाठी हजारो. या हजारोंसाठी ४२ किलोमीटर फार होते. शरीरात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि मग पाय अक्षरशः ओढावे लागतात. अर्ध्या अंतरात ही वेळ सहसा येत नाही. तीन-चार महिने नेमाने सराव केला तर नोकरी-संसार सांभाळणारा निरोगी माणूस अर्धमॅरेथॉन पुरी करू शकतो. म्हणून हे अंतर घरगुती झाले. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ १९८१ मध्ये 'ग्रेट नॉर्थ रन' सुरू झाली. ती अर्धमॅरेथॉनच, आणि टाइन नदीचा पूल ओलांडून जाणारी. पहिल्याच वर्षी जवळपास बारा हजार लोकांनी नाव नोंदवले. अर्धमॅरेथॉनची जागतिक स्पर्धा १९९२ मध्ये तिथेच, साउथ शील्ड्सला, पहिल्यांदा भरली.

घरच्या माणसाबरोबर धावणे म्हणजे काय, हे जगाला दाखवले ते अमेरिकेतल्या डिक आणि रिक हॉइट या बापलेकांनी. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. तो चालू शकत नव्हता, बोलू शकत नव्हता, संगणकाच्या मदतीने मनातले सांगत असे. १९७७ मध्ये अपघातात जायबंदी झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव होती. मुलाने तिच्यात भाग घ्यायची इच्छा सांगितली. बापाने त्याची चाकाची खुर्ची ढकलत ती पुरी केली. त्यानंतर दोघांनी मिळून हजाराहून अधिक शर्यती केल्या. बॉस्टनची मॅरेथॉन बत्तीस वेळा, शेवटची २०१४ मध्ये. वडील २०२१ मध्ये गेले, मुलगा २०२३ मध्ये. १९०८ मध्ये हात दिला म्हणून धावपटू बाद झाला होता. इथे हात काढला असता तर शर्यतच उरली नसती.

तरीही जुना प्रश्न मिटलेला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या आना आणि लिझा हानर या जुळ्या बहिणींनी मॅरेथॉन हातात हात घालून पुरी केली, एक्याऐंशी आणि ब्याऐंशीव्या क्रमांकावर. त्यांच्या देशातल्या क्रीडा पदाधिकाऱ्याने टीका केली की ही कौटुंबिक सहल नाही, इथे जोर लावून धावायचे असते. अर्थ असा होता, शब्द माझे. त्याच शर्यतीत एस्टोनियाच्या लुइक घराण्यातल्या तीन तिळ्या बहिणीही उतरल्या होत्या. ऑलिंपिकमध्ये तिळ्यांनी उतरण्याची ती पहिलीच वेळ. देशासाठी धावणाऱ्याने बहिणीचा हात धरावा की नाही यावर वाद होऊ शकतो. रविवारी सकाळी आपल्या पैशाने धावणाऱ्यांना मात्र हा वाद लागू नाही.

आपल्याकडची एकवीस

महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. मुंबईची आजची मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ पासूनची. तिने धावण्याला मध्यमवर्गीय घरात आणले. जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे खास लोकल सुटतात आणि डब्यात सगळे धावण्याचे बूट घातलेले असतात, हे दृश्य मुंबईकरांना सवयीचे झाले. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. त्यावरही पायी जाता येत नाही, पण मॅरेथॉनच्या दिवशी धावणाऱ्यांसाठी तो मोकळा होतो. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटातून कासच्या रस्त्याने जाणारी डोंगरी अर्धमॅरेथॉन होते. २०१५ मध्ये अडीच हजारांहून अधिक जणांनी ती पुरी केली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. साताऱ्याचे घरच्या घर त्या दिवशी रस्त्यावर असते, कोणी धावायला, कोणी पाणी द्यायला.

याच मातीतून मोठे धावपटूही आले. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला आणि रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावले. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारे ते पहिले भारतीय. हे साबळे लहानपणी रोज काही किलोमीटर पायी शाळा गाठत.

आणि बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेली ही शेतमजूर बाई २०१४ च्या सुमारास नऊवारी नेसून अनवाणी पायांनी धावली. अंतर तीन किलोमीटरचेच होते, ज्येष्ठांची शर्यत होती. पण नवरा आजारी, तपासणीला पैसे नाहीत आणि बक्षीस लागले तर तपासणी होईल, एवढा एकच हिशेब तिच्यापाशी होता. ती पहिली आली. पुढे तिच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात तिनेच काम केले, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. नवरा तिच्या शेजारी धावत नव्हता, तरी ती धाव दोघांची होती असेच म्हटले पाहिजे. जासुदाच्या थैलीत पत्र असे, तिच्या पदरात नवऱ्याचा आजार होता.

पुलावर

आता थोडे आमच्याविषयी. मी शाळामास्तर, निवृत्त झालो त्याला काही वर्षे झाली. मुलगी मुंबईला शिकली, मोरा ते भाऊचा धक्का असा लाँचचा प्रवास करून. आमच्या लाँचचे दुखणे सर्वांना माहीत आहे. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो आणि लाँच जवळ येऊ शकत नाही. पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की फेऱ्या बंद. मग ती तिकडे कोणा नातेवाइकाकडे, आम्ही इकडे धक्क्यावर. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाच्या आठवणी ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला खवळलेला समुद्र आणि पलीकडे असलेली मुलगी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

लग्न होऊन ती शिवडीच्या बाजूला राहायला गेली. तिची आई गेल्यावर मी मोरा सोडावा असे तिला वाटे, आणि मला ते जमत नव्हते. या विषयावर फोनवर बोलणे झाले की ते दोन मिनिटांत संपे. पुलावर मॅरेथॉन होणार अशी बातमी आली तेव्हा तिने एवढेच विचारले, "बाबा, एकवीस किलोमीटर जमेल?" मी रोज उरण गावापर्यंत चालणारा माणूस. डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतली आणि हो म्हटले. त्याआधी सहा-सात महिने पीरवाडीच्या किनाऱ्यावर माझे थोडे थोडे धावणे चालू होतेच, म्हणून हे धाडस.

सराव आठवडाभर आपापल्या ठिकाणी, आणि रविवारची लांब धाव एकत्र. एका रविवारी ती इकडे, एका रविवारी मी तिकडे. धावण्याची पुस्तके सांगतात की रविवारची धाव पहाटे करावी. आमची धाव भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरत असे. लाँच कधी लागेल ते पाहायचे आणि मग किती किलोमीटर ते.

जोडीने धावण्याचा एक साधा नियम त्या काळात समजला. एकाच वेगाने धावणाऱ्या दोघांचे कष्ट सारखे नसतात. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा कमी होत जाते. म्हणून जो वेग तिला गप्पा मारण्याचा, तो मला दम लागण्याचा. दोघांना सलग वाक्य बोलता आले पाहिजे, हीच वेगाची परीक्षा. बोलणे तुटले की वेग जास्त झाला. हा नियम पाळायचा तर बोलावेच लागते. फोनवर दोन मिनिटांत संपणारे आमचे बोलणे रविवारी दोन-दोन तास चालू लागले, आणि मोरा सोडण्याचा विषयही त्यात येऊन गेला. तोंड समोरासमोर नसते, दोघे पुढे पाहत असतात, त्यामुळे अवघड गोष्ट सोपी होते. निर्णय काही झाला नाही, पण भांडण संपले.

शर्यतीच्या दिवशी पुलावर वारा होता. अंधार सरला तशी एका अंगाला घारापुरी दिसू लागली. आयुष्यभर जिला मोऱ्यातून पाहिले ती उलट्या बाजूने पाहताना ओळखायला क्षणभर वेळ लागला. पंधराव्या किलोमीटरनंतर माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. तिला म्हटले, तू हो पुढे, तुझी वेळ चांगली लागेल. ती म्हणाली, "बाबा, ही काय लाँच आहे का सुटून जायला?" मग आम्ही काही अंतर चाललो, काही धावलो आणि वेळेच्या मर्यादेत पोहोचलो. प्रत्येकाच्या छातीवरच्या क्रमांकात चिप असते, त्यामुळे दोघांच्या वेळा वेगळ्या नोंदल्या गेल्या. त्यांत एका सेकंदाचा फरक होता.

पाय कुठे ठेवायचे

पूल जमिनीला जिथे लागतो तो चिर्ले-जासईचा परिसर. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी याच भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घरेच्या घरे त्या आंदोलनात एकत्र चालली होती. त्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांना देण्याचे धोरण आले. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. पुलाच्या कामात मासेमारीच्या जागा गेल्या म्हणून कोळी बांधवांनी भरपाई मागितली. म्हणजे हा पूल ज्या जमिनीवर आणि ज्या पाण्यावर उभा आहे, तिथे इथल्या लोकांचे पाय आधीपासून होते. आज तिथे तासाला शंभर किलोमीटरने मोटारी जातात आणि चालणाऱ्याला बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने बंदी योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षातून एक पहाट चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी राखून ठेवावी आणि तिच्यात उरण-पनवेलच्या गावकऱ्यांना, कोळीवाड्यातल्या बायकांना फी न घेता जागा द्यावी. धावण्याची फी, बूट, प्रवास यांचा खर्च सर्वांना परवडत नाही. ज्यांच्या दारातून पूल गेला त्यांनी तो निदान एकदा पायाखाली घातलेला असावा, एवढीच ही मागणी आहे.

आणि ज्यांच्या घरात कोणाबरोबर धावण्याचा विचार चालला असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः चाळिशीनंतर. चार महिने हातात ठेवा. आमच्या कोकणपट्टीत दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर विसरू नका. सुरुवात हळू करा. वेग नेहमी मागच्याचा धरा, पुढच्याचा नव्हे. जासूदजोडी याच नियमाने शेकडो मैल जात होती, कारण दोघे पोहोचल्याशिवाय काम पुरे झाले असे ती समजत नसे.